विहिरीभोवतीचे घर

फ्रँकला आयुष्यात सर्व काही थोडेथोडे मिळाले होते, परंतु शांतता मात्र कधी मिळाली नव्हती. उत्तनच्या कोळीवाड्यात, दोन खोल्यांत दाटीने नांदणाऱ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. बालपण भावंडांची कोपरे खाण्यात गेले आणि तारुण्य जहाजाच्या पोटात. प्रवासी जहाजावर तो स्टुअर्ड होता. निजण्याची जागा पाण्याच्या पातळीखाली, तीन सोबत्यांसह एका बिनखिडकीच्या खोलीत. इंजिनाची घरघर तेथे दुखऱ्या दाढेसारखी अष्टौप्रहर चालू असे. घंटा वाजली की उठावे, घंटा वाजली की जेवावे, प्रवाशांपुढे मान लववून हसावे, आणि पुन्हा त्या घरघरीत डोके ठेवून झोपावे. माणसाच्या अंगाला सवय लागते, पण मनाला लागतेच असे नाही.

असेच एकदा इटली देशातील नेपल्सच्या बंदरात जहाज थांबले असताना सोबत्यांबरोबर तो एक प्राचीन नगर पाहण्यास गेला. ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेलेले आणि पुढे शेकडो वर्षांनी उकरून काढलेले ते नगर. सोबती फोटो काढीत पुढे निघून गेले आणि फ्रँक एका घरात शिरून मागे राहिला. त्या घराच्या मध्यभागी चौक होता. चौकावर छप्पर नव्हते, आकाश होते. खाली चौकोनी हौद, भोवती खांब, आणि रस्त्याकडे पाठ फिरवून बसलेल्या उंच भिंती. हौदात पावसाचे थोडे पाणी साचले होते आणि त्यात एक ढग सावकाश सरकत होता. फ्रँक खांबाला टेकून बसला. कोणी हाक मारली नाही, घंटा वाजली नाही. त्या घटकेस त्याने मनाशी गाठ बांधली, की आपण बांधू तर असेच घर बांधू.

जहाजाची नोकरी संपवून तो कायमचा उत्तनला परतला, तेव्हा ती गाठ सुटण्याची वेळ आली. वडिलांच्या वाटणीत त्याला वाडीच्या तोंडाशी एक मोकळी जागा आली होती. कडेला माडाची काही झाडे आणि मधोमध गोड्या पाण्याची जुनी विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्या विहिरीच्या पाण्यास खारटपणाचा लवलेश नव्हता. फ्रँक आणि त्याची पत्नी इनेझ तोवर भावाच्या घराला लागून असलेल्या खोल्यांत राहत होती. मुले लग्ने होऊन आपापल्या संसारास लागली होती.

घराचा आराखडा करण्यासाठी त्याने भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वसाहतीत राहणाऱ्या दिशा नावाच्या तरुण आर्किटेक्टला गाठले. ती स्कूटरवरून उत्तनला आली, जागा पाहिली, फ्रँकने मोबाइलवर जपून ठेवलेला त्या प्राचीन घराचा फोटो पाहिला, आणि तिचे डोळे लकाकले.

“अंकल, माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस काय म्हणतो माहितीय? ह्या बारा बाय दहात सोफा पण बसव, देवघर पण बसव आणि सासूबाई पण बसव. मधली जागा रिकामी ठेव म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

“रिकामीच हवी,” फ्रँक म्हणाला. “आणि आवाज नको.”

“आणि ही विहीर?”

“त्यांच्या चौकात हौद होता. आपल्या चौकात विहीर!”

दिशाने जागच्या जागी टाळी वाजवली. काही दिवसांतच तिने संगणकावर ते घर उभे केले आणि लॅपटॉप घेऊन फ्रँकच्या खोलीत आली. पाहून फ्रँकचा ऊर भरून आला. मध्यभागी विहीर, तिच्याभोवती फरसबंद चौक, चौकाच्या चारही अंगांना पडवी. खांब सिमेंटचे, परंतु सडपातळ. छपरांचा उतार आतल्या बाजूस, म्हणजे पावसाळ्यात पागोळ्या चौकातच गळाव्यात. खोल्यांना चौकाकडे उघडणारी काचेची सरकती दारे. आणि रस्त्याकडे पांढरी, कोरी भिंत. त्या भिंतीत एकच अरुंद दार, आणि दारामागची वाट मुद्दाम वळवलेली, जेणेकरून येणाऱ्याजाणाऱ्याची दृष्टी आत पोहोचू नये.

इनेझ बोंबील साफ करता करता उठून आली होती. ओले हात पदराला पुसून तिने बराच वेळ त्या चित्राकडे पाहिले.

“रस्त्याकडं खिडकी कुटं हाय?”

“नाही ठेवली, आंटी,” दिशा म्हणाली.

“एकपन न्हाय?”

“अगं, तेच तर वैशिष्ट्य आहे,” फ्रँक म्हणाला. “हे घर बाहेर बघत नाही. आत, स्वतःकडे बघतं.”

“सोताकडं बगून बगून कटाळा येल, फ्रँक,” असे म्हणून इनेझ पुन्हा बोंबलांकडे वळली. फ्रँक हसला. त्याला ते बोलणे थट्टेचे वाटले, आणि थट्टेखाली जे होते ते त्याच्या ध्यानी आले नाही.

ईस्टरचा सण उलटल्यावर फ्रँकने संपूर्ण आराखडा प्रत्यक्ष जमिनीवर आखला. कोळ्याच्या मुलाला दोरी आणि बांबू यांची काय वाण! कोपऱ्याकोपऱ्यावर बांबू रोवले, त्यांना होडीची जुनी दोरी कमरेच्या उंचीवर ताणून भिंती केल्या, दाराच्या जागी तेवढी फट सोडली आणि फटीतही एक सैल दोरी अडकवली, जी काढावी आणि घालावी. वाडीतले लोक पाहण्यास लोटले. शेजारचा पिंटू, जो स्वतःच्या होडीचा तांडेल होता, लुंगी सावरीत दोऱ्यांखालून वाकून आत शिरला.

“हा तुजा हॉल काय?”

“हॉल पलीकडं.”

“मंग मी कुटं उबा हाय?”

“संडासात.”

“आरे मंग आदी सांगायचं ना! इतके लोक बगतायत मना!”

वाडी खदखदून हसली. फ्रँकही हसला. पाठोपाठ कोंसूमावशी आली. वाडीतल्या लग्नांत गाणी धरणारी ती म्हातारी होती आणि तिच्या शब्दाबाहेर एकही मांडव पडत नसे. पिंटूची मुलगी ॲलिशा हिचे लग्न तोंडावर आले होते, सबब मावशी त्या दिवसांत वाडीची राणीच होती. तिने दोरीच्या घरातून सावकाश फेरी मारली आणि विहिरीपाशी येऊन थांबली.

“आनी पानी?” तिने विचारले.

फ्रँकला प्रश्न समजला. लग्नाच्या आदल्या दिवशी, पुढे बँड आणि मागे घागरी घेतलेल्या बायका, अशी मिरवणूक या विहिरीवर येते आणि नवरीच्या आंघोळीचे पाणी भरून नेते, ही वाडीची जुनी रीत होती. फ्रँकने जहाजावर शिकलेल्या संपूर्ण अदबीने उत्तर दिले, “मावशी, त्याची काळजीच करू नका. ॲलिशाच्या लग्नाला या ना. घर झाल्यावरही या. फक्त आदल्या दिवशी वेळ कळवत जा, मी स्वतः दार उघडून उभा राहीन.”

मावशीने पदर खांद्यावर ओढला. “बरं,” म्हणाली आणि दोरीची फट ओलांडून बाहेर गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी फ्रँकने विहिरीचा कठडा झाडून चुन्याने रंगवला. भोवती पाणी शिंपडले. वेळ कोणी कळवली नव्हती, तरी दुपार कलताच तो इस्त्रीचा शर्ट घालून दोरीच्या दारापाशी उभा राहिला. सैल दोरी त्याने हातात धरली होती, म्हणजे मिरवणूक आली की अदबीने बाजूस करावी. पिंटूच्या मांडवातून बँड वाजला. सूर जवळ येऊ लागले. ढोल वळणावर आला. पुढे कोंसूमावशी होती, लाल लुगड्यात, हात वर करून गात असलेली. तिच्यामागे बायका, आणि त्या बायकांत कमरेवर घागर घेतलेली इनेझही.

मिरवणूक वळणावर आली आणि चर्चच्या गल्लीकडे वळली. कोणी थांबले नाही, कोणी रागाने पाहिले नाही. ट्रंपेटवाला तर फ्रँकला पाहून मान हलवून गेला. त्या गल्लीच्या शेवटी दुसरी एक विहीर होती, जिच्या पाण्याने डाळ शिजत नसे. ढोलाचा आवाज घराघरांच्या आड गेला, मग समुद्राच्या वाऱ्यात विरला. फ्रँक इस्त्रीच्या शर्टात, हातात दोरी धरून उभा राहिला. त्याला आयुष्यभर हवी होती ती शांतता त्याच्या चहूबाजूंना पसरली होती, आणि तिच्यात त्याचा जीव घुसमटला.

संध्याकाळी इनेझ परतली तेव्हा तिच्या केसांत अबोली होती आणि घसा गाऊन बसला होता. फ्रँक खुर्चीवर वाट पाहत होता.

“मी या म्हटलं होतं,” तो म्हणाला. “तुझ्यादेखत म्हटलं होतं.”

“तेच तर चुकलं.”

“बोलावलं हे चुकलं?”

इनेझ त्याच्यासमोर बसली. नवऱ्याला समजावताना तिचा आवाज कधी चढत नसे, उलट उतरत असे. “लग्नाचं पानी मागून आनीत न्हाय, फ्रँक. कोनाला इचारीत न्हाय, कोनाला थँक्यू बोलीत न्हाय. तुजा बापूस त्या येळंला कुटं असायचा ठाव हाय? मुद्दाम होडीवर जायाचा. घरात मालकच न्हाय, मंग इचारनार कोनाला? इचारून आनलेलं पानी म्हंजे उसनं पानी. उसन्या पान्यानं नवरीला कोन न्हाऊ घालतं?”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तू होतास कुटं सांगायला? लग्नाला सुट्टी काढून आलास तर तू मांडवात बापयांसंगती बसायचास. हे बायकांचं काम.”

बाहेर मांडवात कोणीतरी माइक तपासत होते.

“तू घर बांद,” इनेझ म्हणाली. “सुंदर हाय. मी वाईट न्हाय बोलत. पन मी तितं ऱ्हानार न्हाय. मी हितंच बरी हाय, तुज्या भावाच्या भिंतीला. ज्या घरावरनं लग्न वळून जातं, त्या घरात माज्यानं झोपवनार न्हाय.”

एवढे बोलून ती चहा ठेवण्यास उठली. भांडण झाले असते तर फ्रँकने दोन शब्द घातले असते आणि दोन घेतले असते. परंतु इनेझ भांडली नव्हती. तिने केवळ आपले अंथरूण कोठे असेल ते सांगितले होते. इतकी वर्षे सातासमुद्रांपलीकडे एकटे निजल्यावर आता स्वतःच्या घरातही एकटेच निजायचे, हा विचार फ्रँकच्या मनातून जाईना.

लग्न पार पडले आणि सोमवारी तो बसमध्ये बसला. मोरवा, राई, मुर्धा ही गावे खिडकीतून मागे पडली, पण त्याने बाहेर पाहिले नाही. इंद्रलोकात दिशाचे ऑफिस तिच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच होते. वरच्या मजल्यावर कोणीतरी टाइल कापत होते, खाली भाजीवाला हिंदीत ओरडत होता, शेजारी कोणाच्यातरी लग्नातल्या गरब्याची प्रॅक्टिस चालली होती. दिशाने पंखा वाढवला आणि सगळे ऐकून घेतले.

“अंकल, सोप्पं आहे,” ती म्हणाली. “आपण घर मागे सरकवू. विहीर बाहेर राहील, रस्त्याच्या बाजूला. चौक लहान होईल आणि मध्ये हौद टाकू. तुम्हाला शांतता, त्यांना पाणी.”

फ्रँकने मान हलवली नाही. “ते जुनं घर,” त्याने विचारले, “ते असंच होतं ना? रस्त्याकडे पाठ, आत शांत?”

दिशा थोडी घुटमळली. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, “खरं सांगू? कॉलेजात आम्हाला होता हा विषय. त्या मोठ्या घरांची पुढची दारं सकाळी उघडी असायची. गावातले लोक येऊन त्या हौदाच्या चौकात बसायचे. कोणाला काम हवं, कोणाला शिफारस, कोण नुसतं तोंड दाखवायला. घरचा मालक तिथंच सगळ्यांना भेटायचा. भिंती बंद होत्या, हे खरं. पण चौक म्हणजे बाजारच होता जवळजवळ.”

“मी गेलो तेव्हा तर तिथं चिटपाखरू नव्हतं.”

“अंकल, तुम्ही गेलात तेव्हा तिथं राहायला कोणी उरलंच नव्हतं ना.”

वरची टाइल कापण्याची मशीन थांबली आणि पुन्हा सुरू झाली. फ्रँक आपल्या हातांच्या तळव्यांकडे पाहत राहिला. ज्या शांततेत तो त्या दिवशी खांबाला टेकून बसला होता, ती घराची शांतता नव्हती, घर रिकामे झाल्याची होती. एवढी साधी गोष्ट त्याला उमगण्यास किती समुद्र ओलांडावे लागले! तरीही त्या चौकाचे वेड त्याच्या मनातून गेले नाही, आणि जावे असेही त्याला वाटले नाही. वस्तू खरी असते, आपण तिचा अर्थ मात्र आपल्या गरजेपुरता लावतो.

“विहीर मध्येच राहू दे,” तो शेवटी म्हणाला. “दार काढ.”

“म्हणजे रुंद करू?”

“रुंद कर, सरळ कर, आणि दार काढून टाक. रस्त्यावरून थेट विहिरीपर्यंत वाट. डोक्यावर घागर घेतलेल्या दोन बायका शेजारी शेजारी चालल्या पाहिजेत आणि ढोलवाल्याचा ढोल कुठे घासता कामा नये. खोल्यांना कुलपं लाव. चौकाला नको.”

“आणि सिक्युरिटी?”

“चौकात चोरण्यासारखं काय असणार? पाणी?”

दिशा हसली आणि तिने पेन्सिल उचलली.

उत्तनला परतल्यावर फ्रँकने स्वतःच बांबू उपटले आणि नव्या जागी रोवले. दाराची सैल दोरी गुंडाळून ठेवून दिली. इनेझ माडाखाली उभी राहून पाहत होती.

“मी कोंसूमावशीकडं जाऊन येतो,” तो म्हणाला. “माफी मागतो आणि सांगतो, आता दारच नाही म्हणून.”

“आनी सांगून काय करशील? परत बोलावशील? बोलावलंस की परत ती विहीर तुजीच झाली.”

“मग करू काय?”

“काय न्हाय करायचं,” इनेझ म्हणाली. “गप बसायचं. शांतता पायजे होती ना तुना?”

आणि फ्रँक खरोखरच गप्प बसला. हे काम त्याला जहाजावरच्या कोणत्याही कामापेक्षा जड गेले. पावसाळा संपला आणि बांधकामास सुरुवात झाली. पाया भरला, खांब उभे राहिले. मधल्या काळात वाडीत आणखी एक लग्न झाले आणि त्याही मिरवणुकीने चर्चची गल्ली धरली. फ्रँक त्या वेळी वाळूच्या ढिगाशी उभा होता. त्याने ढोल ऐकला, आणि काही न बोलता पुन्हा मोजमापाची फीत हातात घेतली. इनेझ रोज दुपारी गवंड्यांना चहा घेऊन येत असे, पण घराविषयी चकार शब्द काढीत नसे. कोणती खोली कोणाची, हेही तिने विचारले नाही. एकदा दिशाने तिला स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची विचारली, तेव्हा ती म्हणाली, “जो रांदेल त्याला इचार.” दिशाने फ्रँककडे पाहिले आणि फ्रँकने आभाळाकडे.

नाताळ आटोपला. जानेवारीत कोंसूमावशीचा नातू इव्हान याचे लग्न ठरले. नवऱ्या मुलासाठीही पाणी आणतातच. त्या दुपारी फ्रँकला मुळीच घरी राहायचे नव्हते. बापाप्रमाणे कोठेतरी निघून जावे असे त्याने ठरवले होते, पण नेमके प्लास्टरचे काम निघाले, आणि गवंड्याला सोडून जाता येईना. स्वयंपाकघराची चौकाकडील भिंत तेवढी कमरेइतक्या विटा रचून अर्ध्यावर थांबली होती. चौकात नुकताच कोबा घातला होता आणि गवंडी जितेंद्र त्यावरून थापी फिरवून उठत होता.

बँड वाजला. फ्रँकने मान वर केली नाही. वळणावर ढोल आला. फ्रँकने मनाशी चर्चच्या गल्लीचे अंतर मोजले आणि आवाज दूर जाण्याची वाट पाहिली. परंतु आवाज दूर गेला नाही. ट्रंपेटचा सूर एकाएकी दाट झाला, चार भिंतींत घुमला, आणि कोवळे खांब थरथरल्यासारखे वाटले. बिनदाराच्या त्या वाटेतून वाडीच्या बायका आत येत होत्या, दोघी दोघी, आणि ढोल कोठेही घासला नाही.

फ्रँक वाटेच्या तोंडाशी दगडासारखा उभा होता. हात आपोआप पाठीमागे गेले होते, जहाजावर प्रवासी आत येताना जात तसे.

“ए, मदी उबा काय ऱ्हायलास?” कोंसूमावशी गाणे तोडून खेकसली. “खांब काय कमी पडलं तुना? सरक तिकडं!”

फ्रँक भिंतीला चिकटला. मावशी त्याच्याकडे न पाहता पुढे गेली. दोर खाली सुटला, घागर बुडाल्याचा आवाज विहिरीतून वर आला. कोणी विचारले नाही, कोणी आभार मानले नाहीत. बायका गात होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, आणि भरलेल्या घागरींतले पाणी हिसळून ओल्या कोब्यावर सांडत होते. जितेंद्रने डोक्याला हात लावला.

“अंकल, ताजा काम है! सब पानी-पानी कर रहे हैं!”

“करने दे,” फ्रँक म्हणाला. “नये सिमेंट को पानी चाहिए ना?”

मिरवणूक परत फिरली. सर्वांत शेवटी इनेझ होती, कमरेवर घागर, कपाळावर घाम. ती स्वयंपाकघराच्या अर्ध्या भिंतीपाशी थांबली, विटांवर तळहात ठेवून तिने विहिरीकडे पाहिले, मग वाटेकडे, मग पुन्हा विहिरीकडे.

“जितेंद्र,” ती म्हणाली, “हितं खिडकी टाक. मोठी. आनी वटा उंच नको, माजे हात न्हाय पोचत.”

मग ती बँड गाठण्यासाठी लगबगीने निघून गेली. जितेंद्रने खिडकीची रुंदी विचारली. फ्रँकने विटेचा एक तुकडा उचलला आणि दोन्ही हात पसरून भिंतीवर खुणा केल्या. खिडकी फार मोठी होत आहे असे जितेंद्रचे म्हणणे पडले, परंतु फ्रँकने ते ऐकून घेतले नाही.